न दुखवितां जाणणें

वाशीम येथें १९३९ सालीं तांब्याचे चार पत्रे उजेडांत आले आणि वऱ्हाडच्या इतिहासांतील एक हरवलेलें घराणें पुन्हा आपल्या जागीं येऊन बसलें. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्म नगरीहून, म्हणजेच आजच्या वाशीमहून, दिलेलें तें दानपत्र होतें. त्यांतील वंशावळ संस्कृतांत आहे व दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. या शाखेची वंशावळ अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत पूर्वींच कोरलेली होती; परंतु अक्षरें झिजल्यामुळें सर्वसेन हें नांव वाचतांना पंडितांची गफलत झाली होती, आणि त्यामुळें वत्सगुल्माची शाखा निराळी आहे हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. वाशीमच्या पत्र्यांनीं तें वाचन दुरुस्त केलें. एका नांवाचीं चार अक्षरें नीट लागलीं आणि एका राजकुळाचा पत्ता लागला.

कुळाचा लेख केवळ तांब्यावर वा दगडावरच असतो असें नाहीं. प्रत्येक मनुष्य आपल्या शरीरांत आपल्या कुळाची एक पोथी बाळगून असतो. आईबापांकडून ती नकलली जाते, आणि नकलतांना केव्हां केव्हां एखादें अक्षर चुकतें. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात; कांहीं मात्र अशा असतात कीं, त्यांच्यामुळें मुलाचे स्नायु लहानपणापासूनच झिजूं लागतात. या आनुवंशिक स्नायुरोगांचा शोध मनुष्यानें कसा लावला, त्या शोधापायीं रोगी मुलांस काय सोसावें लागलें, आणि कातडीस ओरखडाहि न काढतां केवळ प्रकाशाच्या साहाय्यानें जिवंत स्नायूचें मापन कसें होऊं लागलें, याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों. हा इतिहास वैद्यकाचा खरा; तथापि तो केवळ वैद्यांनींच वाचावा असा नाहीं. कारण ज्ञानाची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न त्यांत आरंभापासून अखेरपर्यंत गुंतलेला आहे.

लंडन येथील एडवर्ड मेरियन या वैद्यानें १८५१ सालच्या डिसेंबरांत तेथील वैद्यकीय मंडळापुढें कांहीं कुटुंबांची हकीगत वाचून दाखविली. त्या कुटुंबांतील मुलगे एकामागून एक दुबळे होत गेले होते. मेरियननें मृत मुलाचा पृष्ठरज्जु तपासला, तो निरोगी निघाला. बिघाड होता तो स्नायूंच्या तंतूंत. हा लुळेपणा मज्जेचा नसून खुद्द स्नायूचा आहे, हें त्यानें स्पष्टपणें सांगितलें. पुढें ज्या १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव येऊं लागला, त्याच सालीं ड्यूशेन या फ्रेंच वैद्यानें अशाच एका मुलाचें वर्णन प्रसिद्ध केलें. आणि १८६८ सालीं अनेक रोग्यांच्या अभ्यासावरून त्यानें रोगाचें संपूर्ण चित्र रेखाटलें. आज तो रोग त्याच्याच नांवानें ओळखला जातो. मेरियनचें नांव मागें पडलें. इतिहासाच्या न्यायासनापुढें असे निकाल नेहमींच लागत असतात.

रोगाचें स्वरूप असें. मुलगा जन्मतां चांगला दिसतो. चालावयास तो जरा उशीरां लागतो, धांवूं लागला कीं पडतो, जिना चढतांना कठड्यास धरतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, आणि घरचीं माणसें त्या पाहून समाधान मानतात. ती पुष्टि खोटी असते; स्नायूची जागा चरबीनें व तंतुमय द्रव्यानें बळकावलेली असते. औषधोपचार नसल्यास बाराव्या वर्षाच्या सुमारास पाय राहतात, आणि पुढें श्वासाचे स्नायु व हृदय यांवर रोगाचा घाला पडतो. विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्यानें १८७९ सालीं या रोगाची एक खूण सांगितली. जमिनीवरून उठतांना असा मुलगा आधीं पालथा होतो, हातपाय टेकून कंबर वर उचलतो, आणि मग आपलेच हात प्रथम गुडघ्यांवर व नंतर मांड्यांवर रोंवीत, जणूं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. या खुणेस कोणतेंहि उपकरण लागत नाहीं. खुर्चीमेजाच्या घरांत ती कदाचित् लपून राहील. परंतु जेथें मांडी घालून जेवण होतें व सतरंजीवर शाळा भरते, तेथें ती दिवसांतून दहा वेळां डोळ्यांपुढें येते. ती दिसत नाहीं असें नाहीं; ‘पोर आळशी आहे’ या शेऱ्याखालीं ती झांकली जाते.

रोग मातृकुळांतून येतो, आई स्वतः निरोगी असते, पण तिच्या भावांत वा मावसभावांत तोच रोग आढळतो, हेंहि गॉवर्सच्या ध्यानांत आलें होतें. त्याचें कारण पुढें उलगडलें. चुकलेलें अक्षर ‘एक्स’ नांवाच्या गुणसूत्रावर असतें. मुलीस अशीं दोन गुणसूत्रें मिळतात, म्हणून एक बिघडलें तरी दुसरें सहसा निभावून नेतें. मुलास आईकडून एकच मिळतें. आई अशा रीतीनें वाहक असेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्यास रोग होण्याचा संभव निम्मा असतो. पण याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सुमारें एक तृतीयांश मुलांत ही चूक आईकडूनहि आलेली नसते. ती नव्यानेंच घडलेली असते. आम्ही हें आवर्जून सांगतों, कारण आपल्या समाजांत या रोगाचा पहिला निवाडा पुष्कळदां वैद्य करीत नाहीं, सासर करतें. वारसा आणि अपराध या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. ज्या माउलीनें पोथी स्वतः लिहिली नाहीं, तिला त्यांतील अक्षराबद्दल दोष देणें हा अन्याय तर आहेच, शिवाय तें अज्ञानहि आहे.

आतां ज्ञानाच्या किंमतीकडे वळूं. जिवंत रोग्याच्या स्नायूंत काय चाललें आहे हें पाहण्यासाठीं ड्यूशेननें एक खास सुई तयार केली होती. ती खुपसून स्नायूचा बारीक तुकडा बाहेर काढतां येई. मरणोत्तर तपासणीवरच विसंबून राहणाऱ्या वैद्यकास ती मोठीच देणगी होती. पुढें सुईबरोबरच लहानशी शस्त्रक्रियाहि रूढ झाली, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेल्या अशा तुकड्यांवर स्नायुरोगांचें सारें शास्त्र उभें राहिलें. तथापि या पद्धतींत दोन उणीवा होत्या. पहिली अशी कीं, ज्याच्यापाशीं स्नायूंची पुंजी आधींच तुटपुंजी, त्याच्याच पुंजींतून तुकडा घ्यावा लागे. एकदां घेतला तो घेतला, दर महिन्यास मागतां येत नसे. दुसरी उणीव शास्त्राच्या दृष्टीनें अधिक मोठी. कापलेला तुकडा काम करीत नाहीं. मूठ आवळतांना स्नायूस रक्त किती मिळतें, त्यांतील प्राणवायु तो किती वेगानें खर्च करतो, याचें उत्तर बशींत ठेवलेला तुकडा देऊं शकत नाहीं. त्यासाठीं जिवंत, चालत्या स्नायूंतच डोकावावयास हवें. आणि तेंहि त्यास न फाडतां.

हें काम प्रकाशानें केलें. पण तेथपर्यंत पोंचावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं. विल्यम हर्शेल या ज्योतिष्यानें १८०० सालीं लोलकांतून पडलेल्या वर्णपटांत ठिकठिकाणीं उष्णतामापक ठेवून पाहिले, तों तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं तेथें, पारा सर्वांत अधिक चढला. तांबड्यापलीकडचे हे अदृश्य किरण म्हणजेच इन्फ्रारेड किरण होत. १८६२ सालीं होप-झायलर या जर्मन शास्त्रज्ञानें रक्ताच्या रंगद्रव्याचा वर्णपट प्रसिद्ध केला. त्या द्रव्यास हिमोग्लोबिन हें नांव देणाराहि तोच. लगेच १८६४ सालीं केंब्रिजच्या स्टोक्सनें दाखविलें कीं, या द्रव्यांतील प्राणवायु काढून घेतला म्हणजे त्याचा रंग व वर्णपट बदलतो, आणि हवेशीं हलविलें कीं तें पुन्हा लालभडक होतें. रंग पाहून प्राणवायु ओळखतां येतो, हें बीज येथें पेरलें गेलें. १८७६ सालीं फीरोर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें तेंच जिवंत माणसावर करून पाहिलें. बोट आवळून रक्तप्रवाह थांबविला आणि बोटांतून येणारा प्रकाश न्याहाळला, तेव्हां प्राणवायुयुक्त रक्ताच्या खुणा हळूहळू पुसट होत गेल्या. सुई नाहीं, सुरी नाहीं, रक्ताचा थेंबहि नाहीं. शरीराला न दुखवितां त्याच्या अंतरंगाचें झालेलें हें एक पहिलेंच प्रकाशमापन होय.

पुढील प्रगति युद्धानें घडविली. ग्लेन मिलिकन यानें प्रथम मांजराच्या स्नायूवर प्रकाश टाकून त्यांतील प्राणवायूची चढउतार मोजली. आणि दुसऱ्या महायुद्धांत, उंचावर उडणाऱ्या वैमानिकांची शुद्ध हरपूं नये म्हणून, १९४२ सालीं कानाच्या पाळीस लावावयाचें मापकयंत्र सिद्ध केलें. ‘ऑक्सिमीटर’ हें नांव त्याच्याच लेखानें रूढ झालें. १९७४ सालीं जपानचे ताकुओ आओयागी यांनीं नाडीच्या ठोक्याचा उपयोग करून या यंत्रास नवें रूप दिलें, आणि २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत तेंच रूप बोटास लावावयाच्या चिमटीच्या रूपानें आपल्या खेडोपाडीं पोंचलें. ज्यांनीं ती चिमटी बोटास लावून आंकडा वाचला आहे, त्यांस या विद्येची मूळाक्षरें ठाऊक आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु चिमटी नाडींतल्या रक्तापुरतें सांगते. खोल स्नायूचें सांगत नाहीं. अंधारांत विजेरीवर पंजा धरला असतां तो लाल दिसतो, हें मुलांनाहि ठाऊक असतें. इतर रंग मांसांत शोषले जातात, तांबडा पार होतो. तांबड्याच्या किंचित् पलीकडचे किरण त्याहूनहि खोल जातात. या सवलतीचा लाभ घेऊन अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स यॉब्सिस यांनीं १९७७ सालीं मेंदू व हृदय यांतील प्राणवायूचें मापन बाहेरूनच करतां येतें असें दाखविलें. ‘निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रॉस्कोपी’ म्हणून ही पद्धति आतां प्रसिद्ध आहे. तिची रचना समजण्यास अवघड नाहीं. दंडावर वा पोटरीवर एक पट्टी बांधतात. तिच्या एका टोंकाशीं बारीक दिवे असतात, ते निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण आंत सोडतात; दुसऱ्या टोंकाशीं, तीनचार सेंटिमीटरांवर, ग्राहक असतो, तो स्नायूंत भटकून परत आलेला प्रकाश टिपतो. प्राणवायुयुक्त रक्त एक किरण अधिक शोषतें, प्राणवायुहीन रक्त दुसरा. दोहोंच्या वजाबाकींतून स्नायूची जमाखर्चाची वही क्षणाक्षणाला उलगडत जाते: पुरवठा किती आणि खर्च किती.

या वहीनें पहिला नामांकित निकाल दिला तो मॅकआर्डलच्या रोगाबाबत. लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनीं १९५१ सालीं वर्णिलेला हा आनुवंशिक रोग. त्यांत स्नायूस आपल्या कोठारांतील शर्करा वापरतां येत नाहीं. थोड्याशा श्रमानें गोळे येतात, आणि लोक रोग्यास ढोंगी ठरवितात. ब्रिटन चान्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं अशा चयापचयाच्या स्नायुरोग्यांस चालावयास लावून प्रकाशानें मापन केलें. निरोगी स्नायु चालतांना प्राणवायु खर्च करतो, म्हणून त्यांतील प्राणवायूची शिल्लक उतरते. या रोग्यांत ती उतरेना, उलट वाढूंच लागली. बाजारांत माल भरपूर, पण घेणाऱ्यास तो वापरतां येत नाहीं, असा प्रकार! ढोंगाचा आरोप यंत्राच्या एका रेषेनें खोटा पाडला.

याहून मोठी गोष्ट २००० सालीं डॅलस येथें घडली. त्या आधीं १९८६-८७ सालीं लुई कंकेल व एरिक हॉफमन प्रभृतींनीं ड्यूशेनच्या रोगाचें मूळ शोधून काढलें होतें. सुमारें २२ लक्ष अक्षरांच्या एका प्रचंड जनुकांत बिघाड होतो, आणि त्यामुळें ‘डिस्ट्रोफिन’ नांवाचें प्रथिन तयार होत नाहीं. हें प्रथिन स्नायुतंतूच्या आवरणास आधार देतें, हें तर खरेंच. शिवाय रक्तवाहिन्या सैल करणारें नायट्रिक ऑक्साइड बनविणारें एक द्रव्यहि त्याच आधारावर टांगलेलें असतें. मग डिस्ट्रोफिन नसतांना काम करणाऱ्या स्नायूस रक्त पुरेसें मिळतें काय? हा प्रश्न मुलांवरच विचारावयाचा होता, आणि सुरीनें विचारणें अशक्य होतें. शास्त्रज्ञांनीं मुलांस मूठ आवळावयास सांगितली, हातावर प्रकाशाची पट्टी बांधली, आणि कमरेखालच्या भागाभोंवतीं हवेचा दाब किंचित् उतरवून शरीरास रक्तवाहिन्या आकसण्याचा इशारा दिला. निरोगी मुलांचा काम करणारा स्नायु हा इशारा बव्हंशीं धुडकावून लावतो. श्रम चालू असतां तो आपला रक्तपुरवठा तुटूं देत नाहीं. ड्यूशेनच्या रोगानें पीडलेल्या मुलांत हें संरक्षण आढळलें नाहीं. ऐन श्रमाच्या वेळीं त्यांच्या स्नायूंतील प्राणवायु घटत गेला. दुसऱ्या प्रकारच्या स्नायुरोग्यांत मात्र तें संरक्षण शाबूत होतें. एकाहि मुलाच्या अंगास सुई न लावतां रोगाच्या यंत्रणेचा एक दुवा हातीं आला.

येथें कथा संपती तर ती विजयाची कथा झाली असती. परंतु इतिहासकारानें पुढचें पानहि उलटलें पाहिजे. रक्तवाहिन्या सैल करणारें टॅडलाफिल हें औषध बाजारांत होतेंच. २०१२ व २०१४ सालीं त्याचा व त्याच्या जातीच्या औषधांचा प्रयोग झाला, आणि प्रकाशाच्या वहींत सुधारणा दिसली. श्रमाच्या वेळीं स्नायूस पुन्हा रक्त मिळूं लागलें. आशा पल्लवित झाल्या. मग ३३१ मुलांवर ४८ आठवडे मोठी परीक्षा घेण्यांत आली. तिचा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला: औषधानें मुलांच्या चालण्याची घसरण थांबली नाहीं. वहीतील आंकडा सुधारला होता, पण पाऊल सुधारलें नव्हतें. आमच्या मतें या साऱ्या इतिहासाचा गाभा येथें आहे. प्रकाशानें सांगितलें तें खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. रोगाच्या अनेक दुव्यांपैकीं एकच त्यानें दाखविला, आणि माणसांनीं उत्साहाच्या भरांत तीच सारी सांखळी मानली. मापन हें उपचाराचें साधन आहे, त्याचा पर्याय नव्हे.

प्रकाशाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. हा प्रकाश एकदोन सेंटिमीटरांपलीकडे फारसें सांगत नाहीं, आणि कातडीखालीं चरबीचा थर असला कीं स्नायूचा निरोप क्षीण होतो. ज्या रोगांत स्नायूचीच चरबी होते, तेथें ही अडचण दुप्पट. त्वचेच्या वर्णाचाहि परिणाम होतो. बोटाच्या ऑक्सिमीटरकडून कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची तूट गोऱ्या रुग्णांच्या मानानें अधिक वेळां नजरेआड होते, असें अमेरिकेंतील नोंदींवरून २०२० सालीं दिसून आलें. गोऱ्या कातडीवर पारखलेलें यंत्र वऱ्हाडच्या उन्हांत वाढलेल्या मुलाच्या दंडावर बांधतांना हें विसरून चालणार नाहीं. आणि सर्वांत मुख्य मर्यादा ही कीं, प्रकाश स्नायूचें वर्तन सांगतो, पोथींतील अक्षर सांगत नाहीं. तें अक्षर वाचावयास रक्ताची जनुकीय तपासणीच हवी.

तसें वाचन आपल्या महाराष्ट्रांत झालें आहे. खांदे व कंबर यांच्या स्नायूंचा क्षय करणारा एक आनुवंशिक रोग आहे. त्यांत ‘कॅल्पेन-३’ या द्रव्याचें जनुक बिघडतें, आणि आईबाप या दोघांकडूनहि बिघडलेली प्रत आली तरच अपत्यास रोग होतो. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर, डॉ. रश्ना दस्तूर प्रभृतींनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह २०१३ सालीं दाखविलें कीं, अगरवाल समाजांतील अशा रोग्यांत त्याच त्या दोन चुका पुन्हा पुन्हा आढळतात. याचा अर्थ त्या चुका कोण्या प्राचीन पूर्वजांत घडल्या आणि समाजांतर्गत विवाहांमुळें त्यांच्या नकला टिकून राहिल्या. गोत्र टाळून विवाह केला तरी समाज तोच राहतो. अग्रोह्याची परंपरा सांगणारीं हीं व्यापारी कुळें देशभर पसरलीं, त्यांत वऱ्हाडच्या कापसाच्या पेठाहि आल्या. यावरून कोणीं त्या समाजाकडे बोट दाखवूं नये. आपापसांत विवाह करणाऱ्या प्रत्येक समाजाच्या पोथींत कांहीं ना कांहीं चुका सांठलेल्या असतात. या समाजाच्या वाचल्या गेल्या, हें त्याचें भाग्यच म्हणावयाचें. कारण चूक ठाऊक झाली म्हणजे रक्ताच्या साध्या चांचणीनें रोग ओळखतां येतो, स्नायूचा तुकडा काढण्याची गरज बहुधा उरत नाहीं, आणि विवाहापूर्वीं सल्लाहि घेतां येतो.

वाशीम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून निराळा झाला, आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं राज्यांत ज्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें त्यांत वाशीमचेंहि आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें स्नायुक्षयाचा नामनिर्देश करून त्यास मान्यता दिली आहे. ड्यूशेनच्या रोगावर समूळ उपाय अद्यापि नाहीं. तथापि स्टिरॉइड औषधें, व्यायामोपचार, हृदय व श्वास यांवरची देखरेख यांनीं चालण्याचे व आयुष्याचे दिवस वाढतात, आणि त्यासाठीं रोग लवकर ओळखणें अगत्याचें आहे. नव्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांस आम्ही तीन पायऱ्या सुचवूं. पहिली डोळ्यांची: अंगणवाडींत वा शाळेंत मांड्यांवर हात टेकून उठणारें मूल दिसलें कीं त्यास आळशी न म्हणतां पुढें पाठवावें. दुसरी रक्ताची: स्नायु झिजतांना रक्तांत वाढणारें सीपीके तपासावें, आणि तें फार वाढलेलें आढळल्यास जनुकाची तपासणी करवावी, त्यासाठीं मुलाला मुंबईस न्यावें लागत नाहीं, रक्ताची नळी गेली तरी पुरतें. तिसरी प्रकाशाची: जेथें पुन्हा पुन्हा मोजणें अवश्य आहे तेथें, आपल्याच मुलांच्या वर्णावर व अंगकाठीवर पारखून घेतलेलें यंत्र वापरावें. या पायऱ्यांचा क्रम उलटा करून प्रथम यंत्र आणणें आणि मग रोगी शोधणें, हा मोह आपल्याकडे नवा नाहीं.

ड्यूशेनच्या सुईपासून आजच्या प्रकाशाच्या पट्टीपर्यंत दीड शतकाचा प्रवास झाला. या प्रवासांत मुलें बरीं झालीं असें म्हणतां येत नाहीं. पण त्यांस जाणून घेण्यासाठीं त्यांस दुखविण्याची गरज पुष्कळ कमी झाली, ही प्रगतीहि लहान नव्हे. ज्या पोथींतील अक्षर आज आपणांस दुरुस्त करतां येत नाहीं, ती वाचतांना निदान पान फाटूं नये, आणि चुकीच्या वाचनानें कोण्या आईच्या माथीं दोष लागूं नये, एवढी दक्षता तर आजहि आपल्या हातीं आहे.